श्रीरामपूर : गोदाकाठच्या जुन्या सीमेवरचे गाव

दौंड-मनमाड लोहमार्गावरून प्रवास करणाऱ्या नव्या माणसाला श्रीरामपूर हे स्थानक कधीच लागत नाही. राहुरी मागे पडते, प्रवरेचा पूल जातो आणि गाडी एका गजबजलेल्या शहराच्या मधोमध उभी राहते. फलाटावरच्या पाटीवर मात्र 'बेलापूर' असे लिहिलेले असते. बेलापूर हे जुने गाव तेथून काही किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी आहे. स्थानकाभोवती वसलेल्या वस्तीला आधी 'बेलापूर रोड' म्हणत, पुढे तिचे श्रीरामपूर झाले, ते तालुक्याचे ठिकाण झाले, मोठी बाजारपेठ झाली. पण रेल्वेने आपल्या दप्तरातले नाव बदललेले नाही.

या शहराला सीमेवरचे गाव म्हटले तर आज अनेकांना ते चमत्कारिक वाटेल. महाराष्ट्राच्या नकाशात श्रीरामपूर कोणत्याही राज्याच्या हद्दीजवळ नाही. तथापि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ येथून सुमारे वीस किलोमीटरवर एका राज्याची हद्द संपत होती आणि दुसऱ्याची सुरू होत होती. अलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा, पलीकडे हैदराबादच्या निजामाचे संस्थान आणि मध्ये गोदावरी. ही सीमा १९५६ साली कायद्याने पुसली गेली. ती खरोखर किती पुसली गेली, हे पाहण्यासाठी या भूभागाचा इतिहास व भूगोल एकत्रच वाचावा लागतो.

दोन नद्यांमधला पट्टा

श्रीरामपूर तालुका प्रवरा आणि गोदावरी या दोन नद्यांच्या मधल्या सपाट पट्ट्यात आहे. दक्षिणेस राहुरी, पूर्वेस नेवासे, पश्चिमेस राहाता हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील तालुके आहेत. उत्तरेस गोदावरी ओलांडली की छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्यातील वैजापूर तालुका लागतो. नाऊर, मातुलठाण, कमालपूर ही अलीकडच्या तीरावरची गावे. या भागात गोदावरीला 'गंगा' म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी. प्रवरा येथून पुढे वाहत जाऊन नेवासे तालुक्यात टोक्याजवळ गोदावरीला मिळते. त्या ठिकाणाला प्रवरासंगम असे नाव आहे. वाटेत नेवासे येथे तेराव्या शतकाच्या अखेरीस ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि गोदावरीच्या काठी पुणतांबे येथे चांगदेवांची समाधी आहे. वारकरी परंपरेच्या नकाशावर हा सगळा मुलूख पैठणपर्यंत एकच आहे, ही गोष्ट सीमेचा विचार करताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

जमीन काळी, खोल आणि पाणी धरून ठेवणारी. पाऊस मात्र तोकडा, सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास. सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात, प्रवरेच्या उगमाजवळ पाऊस धो धो कोसळतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेस त्याच नदीच्या काठी बाजरीचे पीकही आभाळाकडे पाहत उभे असते. या विषमतेतूनच पुढचा सारा इतिहास घडला.

नदी सीमा कशी झाली

गोदावरी ही मुळात राज्यांची भिंत नव्हती. पेशवाईत नदीच्या दोन्ही तीरांवर मराठ्यांचे आणि निजामाचे हक्क एकमेकांत गुंतलेले होते. एकाच गावाच्या वसुलात दोघांचा वाटा असे. या सरमिसळीवरून दोन सत्तांत वारंवार युद्धे झाली आणि त्यांतील कित्येक महत्त्वाच्या जागा याच पट्ट्यात आहेत. १७२८ च्या फेब्रुवारीत पहिल्या बाजीरावाने निजामुल्मुल्कास पालखेडला कोंडले, ते पालखेड वैजापूर तालुक्यातले. त्यानंतर मार्चमध्ये तह झाला तो मुंगी-शेवगावचा. मुंगी हे नगर जिल्ह्यातील शेवगाव तालुक्यात, पैठणच्या जवळ, गोदावरीकाठी आहे. १७९५ ची खर्ड्याची लढाईही जामखेड तालुक्यात, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला पण याच सीमारेषेवर झाली.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नगरचा मुलूख कंपनी सरकारकडे आला. इंग्रजांना दुहेरी अंमल नको होता. १८२२ मध्ये निजामाशी तह करून एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या गावांची व हक्कांची अदलाबदल करण्यात आली, आणि जिल्ह्याच्या ईशान्येस बहुतांशी गोदावरीचे पात्र हीच दोन राज्यांची हद्द ठरली. एकाच बोलीच्या, एकाच दैवतांच्या आणि एकमेकांत सोयरीक असलेल्या गावांमधून अशी रेघ गेली.

रेघेचे परिणाम रोजच्या व्यवहारात दिसत. अलीकडे इंग्रज सरकारचा कलदार रुपया चाले, पलीकडे निजामाचा हाली शिक्का. शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा हाली असा दर असे. निजामाच्या हद्दीत माल नेताना किंवा तेथून आणताना करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. सरकारी दप्तराची भाषा पलीकडे आधी फार्सी आणि नंतर उर्दू होती, अलीकडे मराठी व इंग्रजी. महसुलाची पद्धतही निराळी. मुंबई इलाख्यात रयतवारी मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुष्कळशी पार पडली होती. संस्थानात जहागिरी आणि निजामाच्या खासगी मालकीच्या 'सर्फेखास' मुलखाचे जाळे अखेरपर्यंत राहिले. नावेतून वीस मिनिटांत ओलांडता येणाऱ्या पात्राच्या दोन बाजूंना माणसे निरनिराळ्या कायद्यांखाली जगत होती.

रेल्वे, कालवा आणि साखर

१८८४ च्या नगर जिल्हा गॅझेटिअरमध्ये तालुक्यांची यादी आहे, तीत श्रीरामपूर नाही. ते असणार तरी कसे? तेव्हा तेथे एक स्थानक होते, एवढेच. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. मुंबईहून आग्नेयेकडे आणि ईशान्येकडे जाणाऱ्या दोन मुख्य मार्गांना घाट टाळून जोडणे हा त्याचा एक हेतू, आणि १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात लोकांना काम देणे हा दुसरा. या मार्गाने गोदेच्या अलीकडचा माल मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला. पलीकडच्या तीरावर वैजापूर, गंगापूरच्या शेतकऱ्याला रेल्वेसाठी आणखी दोन दशकांहून जास्त वाट पाहावी लागली. निजामाच्या राज्यातली मनमाड-हैदराबाद ही गोदावरी खोऱ्याची मीटरगेज १९०० च्या सुमारास पुरी झाली.

रेल्वेने स्थानक दिले, शहर दिले ते कालव्याने. प्रवरेवर लाख आणि ओझर येथे एकोणिसाव्या शतकातच बंधारे घातले गेले होते, पण उन्हाळ्यात नदीच आटत असल्याने त्यांचा उपयोग मर्यादित होता. म्हणून उगमाजवळ भंडारदऱ्याला धरण बांधण्यास १९१० मध्ये प्रारंभ झाला. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाल्याने ते विल्सन धरण म्हणून ओळखले गेले. सुमारे अकरा अब्ज घनफूट, आजच्या भाषेत ११ टीएमसी, पाणी त्यात साठते. ते नदीवाटे ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डाव्या व उजव्या कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांत जाते.

सरकारी कागदांत ही कामे दुष्काळ निवारणाची होती. ज्वारी-बाजरीला एखाददुसरे पाणी मिळाले की लोक तगतील, असा हिशेब. पण कालव्याचा खर्च ज्वारीच्या पाणीपट्टीतून निघेना, तो उसातून निघू लागला, आणि दुष्काळी पट्ट्यात ऊस ही विसंगती सरकारनेच अंगवळणी पाडली. ज्यांना आज नगरच्या शेतकऱ्याचा उसाचा सोस खटकतो, त्यांनी ही पूर्वपीठिका विसरू नये. अति पाण्याने काही काळ्या जमिनी चोपण झाल्या, त्याचीही नोंद कालवे सुरू झाल्यानंतर थोड्याच वर्षांत झाली आहे.

पाणी येताच भांडवल आले. ब्रॅडी कंपनीच्या पुढाकाराने १९१९-२० च्या सुमारास बेलापूर कंपनी स्थापन झाली आणि श्रीरामपूरजवळ हरेगाव येथे तिचा साखर कारखाना उभा राहिला. मुंबई इलाख्यातील आधुनिक साखर कारखान्यांत तो अगदी आरंभीचा. १९३३ मध्ये महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्सची स्थापना केली. कारखान्याच्या गावाला टिळकनगर असे नाव मिळाले. स्थानकाभोवती अडत दुकाने, गुळाचे व भुसाराचे व्यापारी, गाडीवान आणि कामगार जमले. गोदेच्या पलीकडून, दुष्काळाने व जहागिरीच्या जाचाने पिचलेली माणसेही मजुरीसाठी येत राहिली. सीमेच्या या बाजूला काम होते आणि मजुरी रोख मिळे.

या कारखान्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सलग ऊस लावण्यासाठी कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या. जमिनीचा मालक आपल्याच शेतात मजूर झाला, असे चित्र अनेक गावांत दिसले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने या जमिनी कंपन्यांकडून काढल्या, पण त्या मूळ मालकांना मिळाल्या नाहीत. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. 'खंडकरी' हा शब्द श्रीरामपूरच्या राजकारणात तेव्हापासून आहे. जमिनी परत देण्यासाठी कायद्यात बदल व्हायला २०१२ साल उजाडले. तोवर अर्ज करणाऱ्यांच्या दोन पिढ्या सरल्या होत्या.

हरेगावला आणखी एक ओळख आहे. डिसेंबर १९३९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत तेथे महार-मांग आदी वतनदारांची परिषद भरली आणि वतनी जमिनींवरील अन्याय्य जुडीविरुद्ध आवाज उठला. आजही दर सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जिल्ह्यातून आणि नदीपलीकडूनही ख्रिस्ती व इतर भाविक येतात.

खासगी कारखान्यांना उत्तर म्हणून सहकार उभा राहिला तोही याच मातीत. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या अखेरीस सुरू झाला. ते लोणी गाव तेव्हा श्रीरामपूर तालुक्यातच होते. १९९९ मध्ये राहाता तालुका झाल्यावर ते तिकडे गेले. हरेगावचा कारखाना पुढे बंद पडला, टिळकनगरचे नाव साखरेपेक्षा मद्यनिर्मितीशी जोडले गेले.

सीमा पुसली गेली, म्हणजे काय झाले

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला तेव्हा गोदावरीचे पात्र काही काळ खऱ्या अर्थाने परराष्ट्राची हद्द बनले. निजामाने विलीनीकरण नाकारले होते. रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील कित्येक कुटुंबे अलीकडच्या जिल्ह्यांत आश्रयाला आली, आणि स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी हद्दीलगतच्या भारतीय मुलखात, मनमाड, सोलापूर अशा ठिकाणी राहून लढा चालवला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली लष्करी कारवाई १७ सप्टेंबरला संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. गोदावरी दोन राज्यांची सीमा होती, ती दोन जिल्ह्यांची झाली. १७ सप्टेंबरला पलीकडच्या तीरावर मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन होते. अलीकडच्या तीरावर तो इतर दिवसांसारखा दिवस असतो.

कागदोपत्री सीमा मात्र सहजासहजी मरत नाही. कुळांच्या हक्कांसाठी श्रीरामपूरला १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा लागू आहे, वैजापूरला १९५० चा हैदराबादचा. नाऊरच्या शेतकऱ्याने पलीकडे जमीन घेतली, तर वकील आधी खासरा पाहणीपत्रक मागतो. अलीकडच्या जमिनीसाठी त्याची गरज पडत नाही. महसूल विभाग नाशिक आणि छत्रपती संभाजीनगर असे वेगळे. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, तेव्हा पलीकडचा तालुका 'मराठवाडा' आणि अलीकडचा 'उर्वरित महाराष्ट्र' अशा दोन हिशेबांत गेला. या मंडळांची मुदत २०२० मध्ये संपली, अनुशेषाची भाषा मात्र मागे राहिली. गंमत अशी, की उच्च न्यायालयात दाद मागायची तर नगर जिल्ह्याच्या पक्षकाराला औरंगाबाद खंडपीठातच जावे लागते, आणि प्रवरेच्या धरणांचा कारभार गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडे आहे. सीमा आहे आणि नाहीही, अशी ही स्थिती.

लोकांनी मात्र तिला फारसे जुमानले नाही. श्रीरामपूर व वैजापूर तालुक्यांच्या हद्दीवर गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. एकोणिसाव्या शतकात गंगागीर महाराजांनी सुरू केलेला अखंड हरिनाम सप्ताह येथील परंपरेत आजही दर वर्षी वेगवेगळ्या गावी भरतो. कधी नदीच्या या तीरावर, कधी त्या. भाकऱ्या दोन्ही तीरांवरच्या गावांतून येतात.

शहराचे स्वतःचे एक वेगळे दुखणे आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८९ हजार वस्ती असलेल्या श्रीरामपूरला उपप्रादेशिक परिवहन कार्यालय आहे, 'एमएच-१७' ही त्याची खूण. विस्ताराने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याचे विभाजन झाल्यास मुख्यालय श्रीरामपूरला मिळावे, ही मागणी जुनी आहे. शिर्डी आणि संगमनेर हेही दावेदार. २०२३ मध्ये अपर जिल्हाधिकारी कार्यालय शिर्डीला मंजूर झाले, तेव्हा श्रीरामपुरात नाराजी उमटली.

पाण्याची नवी हद्द

जुन्या सीमेला नवे आयुष्य मिळाले ते जायकवाडीमुळे. पैठणजवळच्या या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते आणि उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. एकूण साठा सुमारे १०२ टीएमसी. फुगवटा प्रवरासंगमापर्यंत येतो. त्याखाली शेवगाव, नेवासे, पैठण, गंगापूर या तालुक्यांतील गावे व जमिनी गेल्या, म्हणजे किंमत दोन्ही तीरांनी मोजली. लाभक्षेत्र प्रामुख्याने मराठवाड्याचे. धरण आखताना वरून जितके पाणी येईल असे धरले होते, तितके पुढे येईना, कारण वरच्या बाजूला नाशिक व नगर जिल्ह्यांत मुळा, निळवंडे आणि इतर धरणे होत गेली.

२००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातील तुटीच्या वर्षी सर्वांनी तूट वाटून घ्यावी, असे तत्त्व आले. मेंढेगिरी अभ्यासगटाच्या २०१३ च्या अहवालाने त्याला आकडे दिले: ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरून पाणी सोडायचे. प्राधिकरणाने २०१४ मध्ये तसा आदेश दिला, उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. तेव्हापासून कमी पावसाच्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे दोन्हीकडे मोर्चे निघतात. श्रीरामपूरचा शेतकरी म्हणतो, आमच्या आजोबांच्या वेळचे भंडारदऱ्याचे पाणी आम्हाला पुरत नाही. पलीकडचा म्हणतो, तुमच्या उसाला पाणी आणि आमच्या शहराला टँकर, हा कोणता न्याय? यांतले एकही विधान खोटे नाही. गणिताने सुटेल असे वाटणारा हा प्रश्न त्यामुळेच गणिताने सुटत नाही.

२०२३ चा शरद ऋतू याचा नमुना होता. निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याची अकोले, संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंतच्या जिरायत गावांनी पन्नास वर्षे वाट पाहिली होती. २६ ऑक्टोबरला शिर्डी येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यानंतर चारच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, त्यांपैकी ३.३६ टीएमसी प्रवरा खोऱ्यातील धरणांच्या वाट्याला आले. आंदोलने झाली, न्यायालयात अर्ज गेले आणि नोव्हेंबरच्या अखेरीस विसर्ग सुरू झाला. त्यानंतर मांदाडे अभ्यासगटाने ६५ टक्क्यांची मर्यादा खाली आणण्याची शिफारस केली आहे, तीवरही पलीकडून हरकती आहेत.

असे पाणी सुटते तेव्हा नदीकाठी काय घडते, ते पाहण्यासारखे असते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात, जेणेकरून पाणी अडणार नाही. काठावरच्या कृषिपंपांची वीज तोडली जाते, पोलिसांची गस्त सुरू होते. प्रवरेचे पाणी बेलापूरवरून संगमाकडे निघते, गोदेचे नाऊर-कमालपूरच्या शेतांना लागून. गोदेचा विसर्ग पलीकडच्या तीरावर, वैजापूर तालुक्यातील नागमठाण येथे मोजला जातो. तो आकडा दिवसातून कित्येकदा जाहीर होतो आणि दोन्ही तीरांवर तो सारख्याच उत्सुकतेने विचारला जातो.